धुरकट प्रतीमागचा चित्रपट : ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ची क्रायटेरियन ब्लू-रे आवृत्ती

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा नायिकेचा चेहरा मला धड दिसलाच नव्हता. जुन्या भयपटांचा एक स्वस्त संच हाती आला होता. एकेका तबकडीवर चार-चार चित्रपट कोंबलेले, वेष्टनावर भडक चित्रे, आणि आत कुठल्याशा झिजलेल्या प्रिंटवरून आधी टेपवर व मग टेपवरून तबकडीवर उतरवलेली प्रत. काळ्याचा राखाडी झाला होता, चेहऱ्यांच्या जागी पिठूळ ठिपके उरले होते, आणि ऑर्गनचे संगीत शेजारच्या घरात कुणीतरी पेटी वाजवत असावे तसे भिंतीपलीकडून आल्यासारखे वाटत होते. तरीही ओसाड नृत्यमंडपात एकटीच फिरणारी ती बाई मनात रुतून बसली. ‘बिचाऱ्यांकडे पैसे नव्हते, पण कल्पना चांगली होती’ असा शेरा मारून मी तो चित्रपट बाजूला ठेवला. हा शेरा चुकीचा होता, हे कळायला मला, जुने व महत्त्वाचे चित्रपट निगुतीने पुन्हा काढणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने २०१६ साली काढलेली ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ची ब्लू-रे आवृत्ती पाहावी लागली.

या परीक्षणात मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. जुन्या, स्वस्तात काढलेल्या, विस्मृतीत गेलेल्या चित्रपटांविषयी आपण जी मते बनवतो, त्यांतली बरीचशी मते चित्रपटाविषयी नसतात, तर आपल्यापर्यंत पोहोचलेल्या प्रतीविषयी असतात. दिग्दर्शकाचे दारिद्र्य म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवतो ते पुष्कळदा प्रिंटचे दारिद्र्य असते. ४के रिस्टोरेशनवरून, म्हणजे अतिसूक्ष्म तपशिलात चित्रपटाची केलेल्या डागडुजीवरून, तयार केलेली ही आवृत्ती त्याचा मला माहीत असलेला सर्वांत ठसठशीत पुरावा आहे.

आधी चित्रपटाविषयी. दिग्दर्शक हर्क हार्वी हे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स या गावी असलेल्या सेंट्रॉन नावाच्या कंपनीत काम करीत. शाळांसाठी शिस्तीचे व आरोग्याचे धडे देणारे लघुपट, कारखान्यांसाठी सुरक्षिततेचे लघुपट, कंपन्यांसाठी प्रचारपट, असे शेकडो लघुपट त्यांनी आपल्या कारकिर्दीत केले. कॅलिफोर्नियातले एक काम आटोपून मोटारीने घरी परतताना, युटामध्ये सॉल्ट लेक सिटीच्या बाहेर, मावळत्या उजेडात त्यांना सॉल्टएअर या बंद पडलेल्या करमणुकीच्या ठिकाणाचा ओसाड मंडप दिसला. खाऱ्या सरोवराच्या काठावर, घुमटांनी नटलेला, आणि आत चिटपाखरूही नसलेला. घरी येताच त्यांनी सेंट्रॉनमधले सहकारी जॉन क्लिफर्ड यांना कथा लिहायला सांगितले. अट एवढीच होती, की शेवटी त्या मंडपात मृतांचे नृत्य झाले पाहिजे. क्लिफर्ड यांनी शेवटापासून मागे येत कथा रचली, स्थानिक व्यावसायिकांकडून पैसे उभे राहिले, हार्वी यांनी नोकरीतून रजा काढली, आणि सुमारे ३३,००० डॉलरांत व जेमतेम तीन आठवड्यांच्या चित्रीकरणात चित्रपट तयार झाला. हिचकॉक यांचा ‘सायको’ दोनच वर्षांपूर्वी, १९६० मध्ये, आला होता, आणि मोठ्या स्टुडिओच्या हिशेबाने काटकसरीत केलेल्या त्या चित्रपटालाही सुमारे आठ लाख डॉलर लागले होते, हे लक्षात घेतले म्हणजे ३३,००० या आकड्याचा अर्थ कळतो.

कथा थोडक्यात अशी, आणि शेवट मी सांगणार नाही. दोन मोटारींची शर्यत लागते, तीन मुली बसलेली मोटार पुलावरून नदीत कोसळते, लोक गळ टाकून गढूळ पात्र शोधत राहतात, आणि काही तासांनी मेरी हेन्री नावाची एकच मुलगी चिखलाने माखलेली अशी वाळूच्या पट्ट्यावर चालत येते. कशी वाचली ते तिला सांगता येत नाही. ती व्यवसायाने ऑर्गनवादक आहे. युटामधल्या एका चर्चमध्ये तिला नोकरी मिळते आणि ती एकटीच मोटार हाकत निघते. वाटेत अंधार पडतो, रेडिओवर ऑर्गनखेरीज काहीच लागत नाही, आणि खिडकीच्या काचेत स्वतःचे प्रतिबिंब दिसायला हवे तिथे एका पुरुषाचा पांढराफटक चेहरा दिसतो. पुढचा सारा चित्रपट म्हणजे हा चेहरा, तो दूरचा मंडप, आणि आपण या जगाच्या बाहेर पडत चाललो आहोत ही मेरीची वाढत जाणारी जाणीव. पांढऱ्या चेहऱ्याच्या त्या माणसाची भूमिका स्वतः हार्वी यांनीच केली आहे.

इथे ‘बी’ या अक्षराविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे ‘बी-ग्रेड’ हा शब्द परीक्षेतल्या गुणांसारखा वापरला जातो आणि त्याने फार नुकसान केले आहे. मूळ अर्थ निराळा आहे. १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, अमेरिकी चित्रपटगृहे एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली. पहिला मोठ्या नटांचा, आणि दुसरा कमी लांबीचा व कमी खर्चाचा. हा दुसरा म्हणजे ‘बी’. मुख्य चित्रपटाच्या कमाईत निर्मात्याचा टक्का असे, तर या दुसऱ्याचे भाडे बहुधा ठरावीक असे. त्यामुळे तो कितीही चांगला झाला तरी जास्त पैसे मिळण्याची आशा नसे, आणि म्हणूनच त्यात काय केले जाते आहे याकडे वरची माणसे फारसे लक्ष देत नसत. ‘बी’ ही कार्यक्रमातली जागा होती, दर्जा नव्हता. १९४८ च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मोठ्या स्टुडिओंची चित्रपटगृहांवरची पकड सुटली, ती जुनी यंत्रणा मोडली, आणि मोटारीत बसून पाहायच्या उघड्या चित्रपटगृहांसाठी, तरुण प्रेक्षकांसाठी, छोट्या स्वतंत्र निर्मात्यांचे स्वस्त चित्रपट येऊ लागले. ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ या दुसऱ्या पिढीतला. सप्टेंबर १९६२ मध्ये त्याचा पहिला खेळ लॉरेन्समध्ये झाला, पुढे तो जोडीच्या खेळांतला एक म्हणून फिरला, वितरक कंपनी लवकरच बुडाली, आणि हार्वी यांच्या पदरी जवळजवळ काहीच पडले नाही. ते पुन्हा लघुपटांकडे वळले. पूर्ण लांबीचा दुसरा चित्रपट त्यांनी कधीच केला नाही. हे वाक्य लिहिताना मला आजही वाईट वाटते.

मग त्या धुरकट प्रती आल्या कुठून? त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार प्रदर्शित प्रतीवर स्वामित्वहक्काची सूचना छापलेली असणे आवश्यक होते, आणि ती नसेल तर हक्कच जात असे. या चित्रपटाच्या प्रिंटवर ती सूचना नव्हती. परिणामी ज्याच्या हाती एखादी प्रिंट लागेल त्याने तिच्या प्रती काढाव्यात आणि विकाव्यात, अशी स्थिती झाली. एका अर्थाने हे चित्रपटावर उपकारच होते, कारण रात्री उशिरा दाखवायला फुकटातला चित्रपट हवाच असलेल्या दूरचित्रवाणी केंद्रांनी तो वर्षानुवर्षे दाखवला आणि झोप न येणाऱ्या प्रेक्षकांच्या एका पिढीने तो मनात जपला. १९८९ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला तो याच लोकांमुळे. पण ज्याचा कुणी धनी नाही त्याची निगाही कुणी राखत नाही. प्रतीची प्रत, तिची प्रत, आणि प्रत्येक पायरीला चेहऱ्यावरचा एकेक भाव गळत जाणारा. माझ्याकडचा स्वस्त संच या साखळीच्या अगदी शेवटच्या कडीचा होता.

आता क्रायटेरियनच्या तबकडीवरचे चित्र पाहू. जवळपास चौकोनी चौकटीतले हे कृष्णधवल चित्र इतके स्वच्छ आहे की पहिल्या काही मिनिटांत मी दोनदा थांबवून मागे गेले. नदीच्या पात्रावर श्रेयनामावली उमटते तिथे पूर्वी मला फक्त हलणारा राखाडी पट्टा दिसला होता. आता पाण्याची ओढ दिसते, भोवरे दिसतात, आणि हे पाणी उथळ नाही, गढूळ व जड आहे, हे नजरेला कळते. मेरी नदीतून वर येते त्या प्रसंगात अंगावरचा चिखल वेगळा, ओले कापड वेगळे आणि कातडी वेगळी दिसते. जुन्या प्रतीत हे तिन्ही मिळून एक काळपट डाग होता, आणि त्यामुळे तो प्रसंग ‘मुलगी वाचली’ एवढी माहिती देऊन संपत असे. इथे मात्र त्या मुलीच्या चेहऱ्यावर सुटकेचा लवलेशही नाही हे दिसते, आणि चित्रपटाची सगळी भीती त्या एका चेहऱ्यातून सुरू होते. मॉरिस प्रेदर यांचे छायाचित्रण किती विचारपूर्वक केलेले आहे हे मला पहिल्यांदाच समजले. चित्रपटाचा ग्रेन, म्हणजे फिल्मवरचा मूळचा बारीक रवाळपणा, मात्र पुसून टाकलेला नाही. चेहरे मेणासारखे गुळगुळीत करण्याचा जो मोह अनेक नव्या आवृत्त्यांना होतो तो इथे टाळला आहे.

मोटारीतल्या रात्रीच्या प्रवासाकडे तर मुद्दाम लक्ष द्यावे. त्या काळी मोटारीतले प्रसंग बहुधा स्टुडिओत उभ्या मोटारीमागे पडद्यावर रस्ता सरकवून घेतले जात. हार्वी यांच्याकडे तेवढे पैसे नव्हते, पण लघुपटांच्या कामामुळे हलका, हातात धरता येणारा अ‍ॅरिफ्लेक्स कॅमेरा आणि तो खऱ्या ठिकाणी चालवण्याची सवय होती. म्हणून त्यांनी खरीच मोटार खऱ्या रस्त्यावर चालवली. काचेतला तो भुताचा चेहरादेखील कुठल्या खर्चिक प्रयोगशाळेत उमटवलेला नाही. खिडकीपाशी तिरपा आरसा धरून तो साधला आहे. स्वच्छ प्रतीत याचा परिणाम उलटा होईल, युक्ती उघडी पडेल, अशी मला भीती होती. झाले भलतेच. चेहरा आता खऱ्या काचेत, खऱ्या अंधारावर, खऱ्या हलत्या प्रकाशात आहे हे दिसते, आणि म्हणून तो अधिक जवळचा वाटतो. जे धुरकट प्रतीत ‘इफेक्ट’ वाटत होते ते इथे शेजारी बसलेले कुणीतरी वाटते.

आणि सॉल्टएअर. १८९३ साली सरोवरात खांबांवर उभारलेले हे करमणुकीचे ठिकाण १९२५ मध्ये जळाले, पुन्हा बांधले गेले, सरोवराचे पाणी मागे हटत गेले, आणि १९५८ मध्ये ते बंद पडले. हार्वी यांनी तिथे चित्रीकरण केले तेव्हा ते नुसते उभे होते. १९७० मध्ये तेही आगीत गेले. त्यामुळे हा भयपट एका नाहीशा झालेल्या वास्तूची नोंदही झाला आहे. मेरी दिवसाउजेडी त्या मंडपात एकटी फिरते, तो प्रसंग मी या तबकडीवर सर्वांत जास्त वेळा पाहिला. काहीही घडत नाही. एक बाई रिकाम्या इमारतीत चालते आहे, प्रकाश फळ्यांमधून येतो आहे, बाहेर क्षितिजापर्यंत ओसाड सपाटी आहे. मोठ्या स्टुडिओने एवढ्या आकाराचा सेट उभारायचा म्हटले असते तर या चित्रपटासारखे कितीतरी चित्रपट त्या पैशात झाले असते, आणि तरीही त्या सेटला इतकी खरी धूळ मिळाली नसती.

ध्वनीविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे, कारण या चित्रपटाचे निम्मे सामर्थ्य तिथे आहे. ध्वनी मूळचाच एकपदरी, मोनो आहे आणि तबकडीवर तो तसाच, न दाबता दिला आहे. जीन मूर यांचे संगीत संपूर्णपणे ऑर्गनवर आहे. ते कधी मेरी वाजवत असते, कधी रेडिओवर लागलेले असते, कधी कुठूनच येत नसते, आणि या तीन अवस्थांमधली सीमा पुसत जाणे हीच कथा आहे. ती सीमा ऐकू यायची तर ऑर्गनचे खालचे स्वर ऐकू आले पाहिजेत, आणि जुन्या प्रतीत नेमके तेच नव्हते. कपड्यांच्या दुकानातला प्रसंग घ्या. मेरी एक पोशाख घालून पाहते, पडद्यावरचे चित्र पाण्यासारखे डहुळते, आणि ती बाहेर येते तेव्हा विक्रेतीला ती दिसत नाही, तिचे बोलणे कुणाला ऐकू जात नाही, आणि तिलाही जगाचा आवाज येईनासा होतो. माझ्या पहिल्या प्रतीत या प्रसंगात सतत खरखर होती, त्यामुळे आवाज गेला आहे हे मला कळलेच नव्हते; ध्वनिपट्टी खराब आहे असे समजून मी आवाज वाढवला होता. या तबकडीवर तिथे खरी, भरीव शांतता आहे. बागेत झाडाला टेकून ती वर पाहते आणि पक्ष्याचा आवाज येतो, जग परत येते, तेव्हा छातीवरचे ओझे उतरल्यासारखे होते. या एका प्रसंगासाठीसुद्धा ही आवृत्ती घ्यावी असे मी म्हणेन. तो चांगल्या स्पीकरवर किंवा हेडफोनवर ऐकावा.

मेरीची भूमिका करणाऱ्या कँडेस हिलिगॉस न्यूयॉर्कमध्ये ली स्ट्रासबर्ग या नामवंत अभिनय-शिक्षकाकडे अभिनय शिकलेल्या होत्या. त्यांच्या अभिनयाला पूर्वी मी ‘लाकडी’ म्हटले होते. त्या शब्दाबद्दल मला आता मनापासून खंत वाटते. चेहरा दिसू लागल्यावर कळते की हा ताठरपणा व्यक्तिरेखेचा आहे. मेरीला चर्चमध्ये ऑर्गन वाजवणे हे काम वाटते, भक्ती वाटत नाही, आणि ती तसे स्पष्ट बोलते. धर्मगुरूला तिने मन लावावे असे वाटते. शेजारच्या खोलीतल्या जॉन लिंडेनला तिने हसावे, सोबत प्यावे, जवळ यावे असे वाटते. डॉक्टरला तिने आपले सांगणे ऐकावे असे वाटते. भुताच्या आधीच तिच्याभोवती इतकी माणसे तिला हाका मारत असतात, आणि त्यांतल्या एकालाही ती काय सांगते आहे ते ऐकायचे नसते. सिडनी बर्गर यांनी केलेला लिंडेन हा त्या काळच्या भयपटांतल्या सर्वांत ओळखीच्या माणसांपैकी एक आहे. तो खलनायक नाही, नुसता चिकट आणि स्वतःवर खूश आहे, आणि म्हणून त्याच्यासोबतचे प्रसंग पाहताना अंग चोरून घ्यावेसे वाटते. १९६२ सालच्या एखाद्या मोठ्या चित्रपटात इतकी न हसणारी, कुणाची मर्जी न राखणारी आणि त्यासाठी न सुधारणारी नायिका मिळाली असती, याची मला खात्री नाही. ‘बी’ चित्रपटांकडे वरची माणसे लक्ष देत नसत असे मी वर म्हटले, त्याचा हा फायदा.

चित्रपटात दोष आहेतच, आणि स्वच्छ प्रत ते लपवत नाही. मागाहून भरलेले काही संवाद ओठांशी जुळत नाहीत. लहान भूमिकांतली काही स्थानिक मंडळी वाक्ये पाठ म्हटल्यासारखी बोलतात. डॉक्टरच्या खोलीतला प्रसंग लांबलेला आहे, कारण प्रेक्षकाला डोळ्यांनी समजलेली गोष्ट तिथे शब्दांत पुन्हा सांगितली जाते. घाबरलेल्या बाईला असा डॉक्टर अचानक भेटतो आणि लगेच खोलीत नेतो हेही ओढूनताणून वाटते. पण हे दोष लिखाणाचे आणि घाईचे आहेत. पाहण्याच्या नजरेचे नाहीत. खराब प्रतीत हे सगळे एकाच चिखलात मिसळलेले असते आणि आपण सरसकट ‘हौशी’ असा शिक्का मारतो. चांगल्या प्रतीत दोष त्यांच्या जागी दिसतात, गुण त्यांच्या जागी, आणि निवाडा करता येतो.

तबकडीवरच्या पुरवणी साहित्यातला सर्वांत मोलाचा भाग माझ्या मते सेंट्रॉनच्या लघुपटांचे सुमारे तासाभराचे उतारे हा आहे. बरेच जण तो गंमत म्हणून पाहतील किंवा वगळतील. तसे करू नये. मुलांनी समारंभात कसे वागावे, हस्तव्यवसाय का शिकावा, अशा विषयांवर ही कंपनी काम करीत असे, आणि तिची एक पद्धत होती: कॅमेरा स्थिर, प्रकाश सपाट, माणसे साधी, कृती एकामागून एक, कशावरही अधिक जोर नाही. सुरक्षिततेच्या लघुपटात तर रोजचे काम रोजच्यासारखे चालू असतानाच अपघात झाला पाहिजे, त्याआधी सूचना मिळता कामा नये. हे उतारे पाहून पुन्हा ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ लावला की हार्वी यांची भीती कुठून आली ते उमगते. त्यांनी भयपटांची भाषा उसनी घेतली नाही. दुकान, बसस्थानक, भाड्याची खोली, ऑर्गनचा कारखाना हे सगळे त्यांनी लघुपटातल्यासारखेच, माहिती देणाऱ्या तटस्थ नजरेने टिपले, आणि त्याच नजरेने तो पांढरा चेहराही टिपला. त्या चेहऱ्यावर वेगळा प्रकाश पाडून ‘आता घाबरा’ असे ते सांगत नाहीत. त्यांचे सहायक दिग्दर्शक रझा बादीयी हेही याच वातावरणातले; पुढे अमेरिकी दूरचित्रवाणीवर ते नामांकित दिग्दर्शक झाले. अशा जागी किती गुणी माणसे नावाशिवाय काम करीत असतील, हा विचार हे उतारे पाहताना मनातून जात नाही.

बाकीच्या साहित्यापैकी हार्वी आणि क्लिफर्ड यांचे निवडक प्रसंगांवरचे भाष्य जरूर ऐकावे. दोघेही बढाई न मारता, कुठे काय अडले आणि कसे सोडवले ते सांगतात. हार्वी १९९६ साली वारले, त्यामुळे हा आवाज जपला गेला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. १९८९ साली कलाकार व तंत्रज्ञ पुन्हा एकत्र आले, त्यावरचा माहितीपट हृद्य आहे. सत्तावीस वर्षांनी आपल्या कामाला टाळ्या मिळताना पाहणारी माणसे त्यात दिसतात. चित्रीकरणाच्या ठिकाणांची पुढे केलेली फेरी आणि सॉल्टएअरचा इतिहास हे छोटे पण उपयुक्त भाग आहेत. समीक्षक डेव्हिड केर्न्स यांचा दृश्यनिबंध विचार करायला लावतो. विनोदी लेखक डॅना गूल्ड यांची मुलाखत मनमोकळी आहे, आणि आनंद याचा की ती चित्रपटाची टवाळी करत नाही. वापरात न आलेल्या तुकड्यांवर मूर यांचे ऑर्गनसंगीत चढवून केलेला भागही आहे. तो मी एकदा पाहिला. पुन्हा पाहीन असे वाटत नाही.

तक्रारी दोन आहेत. हार्वी-क्लिफर्ड यांचे भाष्य सलग संपूर्ण चित्रपटावर नाही, आणि त्याच्या जोडीला एखाद्या अभ्यासकाचे पूर्ण लांबीचे भाष्य द्यायला हवे होते. मूळ मंडळींच्या आठवणींपलीकडे जाऊन या चित्रपटाच्या ध्वनिरचनेवर दीड तास बोलण्यासारखे नक्कीच आहे. दुसरी बाब, क्रायटेरियनच्याच २००० सालच्या डीव्हीडी संचात चित्रपटाची थोडी लांब आवृत्तीही होती. इथे ७८ मिनिटांची मूळ प्रदर्शित आवृत्ती आहे आणि वगळलेले प्रसंग स्वतंत्रपणे दिले आहेत. मला स्वतःला ७८ मिनिटांचीच आवृत्ती घट्ट आणि योग्य वाटते, पण दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून पाहणाऱ्यांनी जुना संच टाकून देऊ नये. शिवाय ब्लू-रे तबकड्या जगाच्या ठरावीक विभागांतल्या प्लेअरसाठीच काढल्या जातात, आणि ही ‘ए’ विभागासाठी आहे. आपला प्लेअर त्या विभागाची तबकडी चालवतो की नाही हे घेण्याआधी तपासावे.

प्रत सुधारली की प्रत्येक जुना चित्रपट थोर ठरतो असे मात्र मी म्हणत नाही. एड वुड यांच्या ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ची प्रत कितीही स्वच्छ केली तरी त्यातली थडगी पुठ्ठ्याचीच राहतील, त्या चित्रपटावर प्रेम करण्याची कारणे वेगळी आहेत आणि तीही खरी आहेत. पण एडगर उल्मर यांचा १९४५ चा ‘डीटूर’ पाहा. तोही हक्कमुक्त होऊन वर्षानुवर्षे खरवडलेल्या प्रतींत फिरत होता, त्याच्या धुक्याला आणि अंधाराला लोक खराब प्रिंट समजत होते, आणि बेल्जियममधल्या संग्रहातल्या प्रतीच्या आधारे २०१८ मध्ये रिस्टोरेशन झाले तेव्हा ते धुके मुद्दाम निर्मिलेले आहे हे स्पष्ट दिसले. जॉर्ज रोमेरो यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ची कहाणी तर ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’च्या सख्ख्या भावंडाची आहे. तोही जाहिराती व औद्योगिक लघुपट करणाऱ्या मंडळींनी १९६८ मध्ये केला, त्याचेही नाव ऐनवेळी बदलताना हक्कसूचना गळली, तोही कुणाच्याही हाती पडला, आणि रोमेरो यांनी हार्वी यांच्या चित्रपटाचे ऋण मान्य केलेले आहे. आज त्याचीही उत्तम रिस्टोअर केलेली आवृत्ती मिळते. अशा चित्रपटांची एक मोठी रांग अजून आपल्या नजरेला स्वच्छ पडायची आहे, आणि त्यांच्याविषयीचे आपले शेरे तोवर पेन्सिलीने लिहिलेले बरे.

ज्यांना पडद्यावर रक्त आणि किंकाळ्या हव्या आहेत त्यांचे समाधान ही तबकडी करणार नाही. ज्यांना जुने स्वस्त चित्रपट मित्रांसोबत थट्टा करत पाहायला आवडतात त्यांनीही निदान पहिल्यांदा हा एकट्याने, दिवे मालवून, मध्ये न थांबता पाहावा. त्यानंतर सेंट्रॉनचे उतारे, मग सॉल्टएअरचा इतिहास, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा चित्रपट, असा क्रम मी सुचवेन. मी तसेच केले. दुसऱ्या वेळी मोटारीतून दूरवरचा मंडप मेरीच्या नजरेस पडतो तिथे पोहोचले, तेव्हा तो १९७० मध्ये जळून गेल्याचे मला ठाऊक झाले होते. संधिप्रकाशात सपाट माळाच्या टोकाला घुमट दिसले, मेरीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले, आणि पहिल्या प्रतीत मला कधीच न दिसलेली तिची नजर या वेळी पूर्ण दिसली: तिला त्या जागेची भीती वाटत नव्हती, ओळख पटत होती.